दुभाष्याचें दुर्दैव

गोंदिया जिल्ह्यांत, इटियाडोह धरणापासून जवळच, गोठणगांवच्या परिसरांत तिबेटी निर्वासितांची एक वसाहत आहे. 1972 च्या सुमारास ती वसली. तेव्हां हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. गेल्या हिवाळ्यांत धरण पाहून परततांना तेथील रंगीत पताका पाहून आमच्या पुतणीनें विचारलें, "काका, इतक्या दूर हीं माणसें कां आलीं?" "चीननें त्यांचा देश घेतला," असें मी सांगितलें. तिचें समाधान झालें. माझें मात्र झालें नाहीं.

कारण त्या उत्तरांत फुंत्सोक वांग्याल बसत नाहींत. 1922 मध्यें खाम प्रांतांतील बाटांग येथें जन्मलेले हे तिबेटी गृहस्थ स्वतः साम्यवादी! तरुणपणीं त्यांनीं तिबेटी साम्यवादी पक्ष स्थापिला व 1949 मध्यें तो चिनी पक्षांत विलीन केला. तिबेटचा अंतर्गत कारभार पूर्ववत् चालेल असें वचन देणाऱ्या 1951 च्या सतरा कलमी कराराच्या वेळीं, आणि पुढें बीजिंग येथें माओ व दलाई लामा यांच्या भेटींतही, दुभाष्याचें काम त्यांनींच केलें. समता यावी, परंतु तिबेटचा कारभार तिबेटी माणसांच्या हातीं असावा, ही त्यांची इच्छा. मध्यवर्ती पुढाऱ्यांस ती खपली नाहीं. 'स्थानिक राष्ट्रवादा'चा ठपका ठेवून 1960 मध्यें त्यांना तुरुंगांत टाकलें. सुटका झाली ती 1978 मध्यें.

1959 मध्यें दलाई लामा भारतांत आले. पंचेन लामा बीजिंगशीं सलोखा ठेवून मागेंच राहिले. 1962 मध्यें त्यांनीं जनतेच्या हालअपेष्टांचें निवेदन पंतप्रधान चाऊ एन-लाय यांस दिलें, तेव्हां त्यांच्याही वांट्याला बंदिवास आला. तिबेटांतील पक्षाचें सर्वोच्च पद तर आजवर एकाही तिबेटी माणसाला लाभलेलें नाहीं.

विरोधकाचा संशय येणें समजूं शकतें. पण येथें संशय आला तो आपल्याच माणसाचा. वाचकहो, ज्या घरांत तिजोरीच्या किल्ल्या एकाच कमरेला असतात, तेथें धाकट्या सुनेनें "तांदूळ संपत आला" असें म्हटलें तरी तें बंड ठरतें. मग कोणी कांहीं सांगत नाहीं, आणि कर्त्याला वाटतें, घर सुखांत आहे!

वांग्याल मात्र गप्प राहिले नाहींत. दलाई लामांना परत येऊं द्यावें, अशीं पत्रें उतारवयांतही ते राष्ट्राध्यक्षांना लिहीत राहिले. 2014 मध्यें बीजिंग येथें ते वारले. तोंवर त्या विनंतीला होकार आला नव्हता.