फाइव्ह-फिफ्टी

त्याचं कागदोपत्री नाव कॅनन ईओएस ५५०डी. अमेरिकेत तो 'रिबेल टी२आय' म्हणून विकला गेला, जपानात 'किस एक्स४' म्हणून. आपल्याकडे शॉर्टफिल्म करणारी मुलं त्याला 'फाइव्ह-फिफ्टी' म्हणतात आणि त्याच्याविषयी घरातल्या माणसासारखं बोलतात. "फाइव्ह-फिफ्टी तापलाय, जरा थांबू या." "एवढ्याशा उजेडात फाइव्ह-फिफ्टीला नाही जमायचं."

दिसायला तो साधाच. काळं प्लॅस्टिकचं अंग, आत स्टीलचा सांगाडा, बॅटरी आणि कार्ड धरून वजन ५३० ग्रॅम. उजव्या हाताची पकड लहान. मोठ्या पंजाच्या माणसाची करंगळी खाली लोंबत राहते. बरीच वर्षं राबलेला असला तर रबराची कड सुटलेली असते, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला असतो. वरची चकती फिरवून व्हिडिओच्या खुणेवर आणली, की आतला आरसा खट्‌कन वर जातो आणि वरच राहतो. डोळा लावून बघायची खिडकी आंधळी होते आणि मागच्या तीन इंची पडद्यावर चित्र उमटतं. व्ह्यूफाइंडरशेजारचं लाल ठिपक्याचं बटण दाबलं, की तो कामाला लागतो. मुळात हा फोटोंचा कॅमेरा. पण नाव झालं ते या दुसऱ्या कामामुळे.

कॅनननं तो फेब्रुवारी २०१० मध्ये जाहीर केला. त्याआधी कमी पैशांत हाय-डेफिनिशन व्हिडिओ करायचा तर सहसा कॅमकॉर्डर घ्यावा लागे. त्यांतले काही फार चांगले होते. कॅननचाच २००७ सालचा एचव्ही२० मिनीडीव्ही टेपवर १०८० ओळींचं चित्र घेत असे, आणि त्याच्याबद्दल मला आजही आदर आहे. पण त्याचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षा लहान. एवढ्याशा सेन्सरवर सगळंच सारखं स्पष्ट येतं, बोलणारा माणूसही आणि त्याच्यामागच्या भिंतीवरचं कॅलेंडरही. फाइव्ह-फिफ्टीचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा आहे. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकटही रुंदीला याच्या आसपासच असते. त्यामुळे माणूस पार्श्वभूमीतून सुटून पुढे येतो आणि बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावर ठरते. आठशे डॉलरच्या कॅमेऱ्यात ही गोष्ट आली, हे मी त्या काळातलं मोठं वळण मानतो.

थोरला भाऊ २००८ चा, ५डी मार्क टू. त्याचा सेन्सर आणखी मोठा, किंमत २,७०० डॉलर. अमेरिकेतल्या 'हाउस' या मालिकेचा मे २०१० मधला भाग त्याच्यावरच चित्रित झाला होता. एका बाबतीत मात्र धाकटा आधी पोचला. फाइव्ह-फिफ्टी पहिल्या दिवसापासून सेकंदाला २४, २५ आणि ३० फ्रेम घेत होता. थोरल्याला २४ आणि २५ फ्रेम मिळाल्या त्या मार्च २०१० च्या फर्मवेअरनंतर. आणि आदल्याच वर्षीचा ५००डी पूर्ण हाय-डेफिनिशनमध्ये सेकंदाला २० फ्रेमच घेई. त्या २० फ्रेमनी कुणाचंही समाधान होण्यासारखं नव्हतं.

या २५ फ्रेमचं महत्त्व आपल्या घरांत कळतं. आपली वीज ५० हर्ट्झची. साध्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते, डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. फाइव्ह-फिफ्टीच्या मेनूत व्हिडिओ सिस्टिम 'पाल' ठेवावी, फ्रेम २५ आणि शटर १/५०, म्हणजे चाळीतली खोली, शाळेचा वर्ग, ग्रामपंचायतीचं कार्यालय असल्या उजेडातही चित्र थरथरत नाही. 'एनटीएससी' आणि ३० फ्रेम ठेवून शटर १/६० केलं, की भिंतीवरून पट्टे सरकायला लागतात. हे सगळं हातानं ठरवायची मुभा तो देतो: शटर, अॅपर्चर, आयएसओ. एकदा ठरवलं की शॉट संपेपर्यंत त्यात तो ढवळाढवळ करत नाही. मला त्याचा सगळ्यात भावलेला गुण हा.

आता त्याचा खडूसपणा. शॉट चालू असताना तो आपणहून फोकस सांभाळत नाही. माणूस दोन पावलं पुढे आला तर लेन्सची कडी आपण फिरवायची. शॉटच्या आधी भिंगाचं बटण दाबून चित्र पाचपट, दहापट मोठं करून डोळ्याशी फोकस लावायचा, जमिनीवर खडूनं खुणा करायच्या, नटाला त्या खुणांवर थांबायला सांगायचं. एकांकिकांमधून आलेल्या मुलांना ही शिस्त चटकन जमते, कारण रंगमंचावर ठरल्या जागी उभं राहायची त्यांना सवय असते.

एक सलग शॉट तो बारा मिनिटांच्या आसपास घेतो. फाइल चार जीबीची झाली की थांबतो, पुन्हा बटण दाबावं लागतं. म्हणून कीर्तन, व्याख्यान, तमाशाचा वग असलं सलग चालणारं काही टिपायचं असेल तर त्याच्या नादी लागू नका. त्यासाठी जुना कॅमकॉर्डर कधीही बरा. उन्हाळ्यात, विदर्भातल्या मे महिन्यात तर विशेष, पडद्यावर तापमापीची खूण उमटते. ती दिसली की त्याला बंद करून सावलीत ठेवायचं.

झटक्यानं पॅन केलेलं त्याला सोसत नाही. उभे खांब तिरके होतात, धावत्या एसटीच्या खिडकीतून झाडं वाकडी दिसतात. सेन्सरवरचं चित्र तो वरून खाली ओळीओळीनं वाचतो, त्याचा हा परिणाम. शिवाय १८ मेगापिक्सेलच्या सेन्सरवरून १०८० ओळींचं चित्र काढताना तो मधल्या ओळी गाळतो, त्यामुळे बारीक, नियमित नक्षी आली की गोंधळतो. इरकलीचा बारीक चौकडा, लांबून दिसणारी मंगलोरी कौलं, विटांची भिंत यांवर इंद्रधनुषी लाटा नाचू लागतात. मॉयरे म्हणतात त्याला. नंतर संगणकावर त्या काढणं फार अवघड. म्हणून वेशभूषा ठरवतानाच त्याचं मत घ्यावं लागतं: नायिकेला सलग रंगाची साडी, आणि कौलं हवीच असतील तर किंचित फोकसबाहेर. उजेड-सावलीचा मोठा फरकही त्याला पेलत नाही: पांढरं धोतर आणि टोपी घातलेला म्हातारा भर दुपारच्या उन्हात उभा केला, तर धोतर तरी मिळतं नाही तर चेहरा तरी. मी दर वेळी चेहरा निवडेन. शक्य असेल तर म्हाताऱ्याला आंब्याखाली न्यावं, दोन्ही मिळतात.

कान मात्र त्याचे खरोखर वाईट. माइक लावायचं छिद्र डाव्या बाजूच्या झाकणाखाली आहे, पण आवाजाची पातळी हातानं ठरवायची सोय कंपनीनं दिली नाही. ती २०११ च्या ६००डीत आली. फाइव्ह-फिफ्टी आवाज आपणच कमीजास्त करतो. पात्र बोलायचं थांबलं, की तो शांततेत काहीतरी शोधायला लागतो आणि पंख्याची घरघर, शेजारचा मिक्सर, रस्त्यावरची रिक्षा असं सगळं वर ओढून आणतो. पुन्हा संवाद सुरू झाला, की दचकून खाली जातो. नाटकातला विराम ज्यानं जपलाय त्याला हे ऐकवत नाही. थोरल्या भावासाठी २००९ मध्ये एका अमेरिकन प्रोग्रामरनं सुरू केलेलं 'मॅजिक लँटर्न' हे मोफत सॉफ्टवेअर पुढे याच्यावरही आलं आणि आवाजाचा ताबा माणसाच्या हातात देऊ लागलं. ते कंपनीचं नव्हे. घालायचं ते स्वतःच्या जबाबदारीवर. तरीही खरा उपाय जुनाच. छोटा रेकॉर्डर वेगळा ठेवायचा, माइक पात्राच्या जवळ न्यायचा, प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची आणि एडिटिंगला बसल्यावर त्या टाळीवर दोन्ही आवाज जुळवायचे. कॅमेऱ्याचा आवाज फक्त जुळवण्यापुरता.

हे दोष मी इतक्या विस्तारानं सांगतो याला कारण आहे. कमी पैशांचा कॅमेरा घेताना सगळे गुण मिळत नसतात, तेव्हा दोष कुठले हे आधी बघावं. फाइव्ह-फिफ्टीचे दोष रोज तेच असतात. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असं तो वागत नाही, त्यामुळे त्यांची आधीच तजवीज करता येते. आजचा फोन ४के घेतो, कागदावर याच्या चौपट पिक्सेल. पण साधा हातात धरून चालवला, तर ढग आला की तो उजेड बदलतो, भिंतीचा रंग बदलतो, आणि हे सगळं शॉटच्या मध्येच. वेगळं अॅप घालून त्यालाही बांधून ठेवता येतं, आणि ज्याच्याकडे चांगला फोन आहे त्यानं तसं जरूर करावं. ज्याला प्रकाश, अंतर आणि लेन्स ही तिन्ही हातानं शिकायची आहेत, त्याला मात्र मी अजूनही जुना फाइव्ह-फिफ्टीच सांगतो.

कमी पैशांत कॅमेरा मिळवायची धडपड आपल्याकडे जुनी आहे. कोल्हापुरात आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच घडवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी त्यांचे सहकारी दामले यांच्या साथीनं काम तडीला नेलं, आणि त्या कॅमेऱ्यावर झालेला 'सैरंध्री' १९२० साली लोकांपुढे आला. त्या कॅमेऱ्याचं स्मारक कोल्हापुरात आहे. हाताशी आहे त्यातून यंत्र उभं करण्याचा तो वारसा मला 'मॅजिक लँटर्न'मध्ये दिसतो, आणि पुठ्ठ्याचा सनहुड चिकटवून, सायकलच्या चाकाजवळ कॅमेरा बांधून शॉट घेणाऱ्या मुलांमध्येही दिसतो.

तेव्हा जुना घ्यायचा असेल, मुंबईत बोरा बाजारात किंवा गावातल्या एखाद्या बंद होणाऱ्या फोटो स्टुडिओत, तर एवढं बघा. लेन्सला झाकण लावून व्हिडिओ सुरू करा; काळ्या पडद्यावर लाल-पांढरे ठिपके ठाण मांडून बसले असतील तर सेन्सरचे काही पिक्सेल खराब आहेत. माइक लावून तार हलवा, खरखर आली तर सोडून द्या. लेन्समधून उजेडाकडे पाहा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत लेन्सला फंगस लागतं आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. तसल्या लेन्सचे पैसे देऊ नका. बरोबर येणारी १८-५५ची लेन्स दिवसाउजेडी चालते. रात्रीच्या घरातल्या प्रसंगांसाठी ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्या: वजन अवघं १३० ग्रॅम, प्लॅस्टिकची, पण उजेड ओढून घेणारी. तीही परवडत नसेल तर स्वस्तातलं अॅडॉप्टर लावून जुन्या एम४२ स्क्रूच्या लेन्स याच्यावर बसतात, आणि त्यांची फोकसची कडी फिरवायला नव्या लेन्सपेक्षा जास्त छान असते. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

आणि पैशांची वाटणी करताना कॅमेऱ्यावर निम्म्याहून जास्त खर्च करू नका. उरलेल्यात माइक, रेकॉर्डर, बऱ्यापैकी जड ट्रायपॉड आणि दोन जादा बॅटऱ्या येऊ द्या. चित्र थोडं मऊ असलं तरी प्रेक्षक बसून राहतो. संवाद ऐकू आला नाही तर उठून जातो.

घरातल्या कपाटात एखादा फाइव्ह-फिफ्टी पडून असेल, तर तो फिल्म करू पाहणाऱ्या ओळखीतल्या मुलाला किंवा मुलीला द्या. देताना चार्जर आठवणीनं बरोबर द्या. याची एलपी-ई८ बॅटरी काढून तिच्या स्वतःच्याच चार्जरमध्ये घालावी लागते. मोबाइलच्या वायरनं हा कॅमेरा चार्ज होत नाही.