सरासरीचा कौल

आंकड्यांवर भिस्त ठेवून व्यापार करावा कीं न करावा, हा प्रश्न हल्लीं घरोघरच्या तरुणांस पडूं लागला आहे. आम्ही जन्मभर नांदेडास संस्कृत शिकविलें. व्यापाराशीं आमचा संबंध वाण्याच्या वहीपुरताच. तथापि या प्रश्नाचें उत्तर आम्हांस पदरचे पैसे मोजून शिकावें लागलें, म्हणून तें वाचकांपुढें ठेवण्याचें धाडस करितों.

आमचे धाकटे बंधु लातुरास असतात. त्यांचा मुलगा तेथें अडतीचें लहानसें दुकान चालवितो. २०१६ च्या दसऱ्यास तो आमच्याकडे आला आणि वही उघडून म्हणाला, "अप्पा, मागल्या दोन वर्षांच्या तुरीच्या भावांची सरासरी काढली आहे. आजचा भाव तिच्या खालीं आहे. आतां घेऊन ठेवली, तर उन्हाळ्यांत नफा ठरलेला."

बेरजेंत चूक नव्हती. आम्हीं ती दोनदां तपासली. निवृत्तीच्या रकमेंतून दोन लक्ष रुपये आम्हीं त्यास दिले. घरांत विचारलें नाहीं, हा दोष सर्वस्वी आमचा.

पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. देशांत २०१५-१६ सालीं तूर सुमारें २५.६ लक्ष टन पिकली होती; २०१६-१७ सालीं ती ४८.७ लक्ष टनांवर गेली. हमीभाव बोनस धरून क्विंटलास ५,०५० रुपये; बाजारांत त्याहूनहि कमी. ज्या उन्हाळ्यांत नफा व्हावयाचा, त्याच उन्हाळ्यांत मुलानें निम्म्याहून थोड्या अधिक किंमतीस माल काढला.

मग चूक कोठें झाली? कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारांत हातभर तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजावा, असें सांगितलें आहे. जांगल देशास सोळा द्रोण, अवंतीस तेवीस, आमच्या गोदेकडील अश्मकांस आणखी निराळें प्रमाण. परंतु ग्रंथकार बेरजेवर थांबत नाहीं. पहिल्या व शेवटच्या महिन्यांत मिळून एक तृतीयांश आणि मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पाऊस पडला, तर साल चांगलें. आणि पाणी पाहून पीक पेरावें. हें आम्हीं कैक वेळां वाचलेलें. पण ऐन वेळीं उपयोगीं आणलें नाहीं.

मुलानें धरलेलीं दोन्ही वर्षें अवर्षणाचीं होतीं. २०१६ च्या एप्रिलांत तर लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. ती सरासरी तुरीच्या भावाची नव्हे, दुष्काळाची होती. भाव चढला म्हणून शेतकऱ्यांनीं तूर अधिक पेरली, वर पाऊसहि चांगला झाला. पेऱ्याचे आंकडे कृषिखातें दर आठवड्यास प्रसिद्ध करीत होतें. ते आम्हां दोघांपैकीं कोणींच पाहिले नाहींत.

साताऱ्याकडील बुध गांवचे पां. वा. सुखात्मे यांनीं निवडक शेतांतील पीक कापून व तोलून सबंध मुलुखाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधण्याची पद्धत आपल्या देशांत रुजविली. कोणतें शेत घ्यावें, यांत माणसाची आवड चालूं द्यावयाची नाहीं, हें तिचें मर्म. आमच्या मुलानें मात्र सोयीचीं तेवढींच वर्षें उचललीं.

त्या दिवाळीस तो लाजेनें नांदेडास आला नाहीं. बंधूंनीं दुकान बंद करण्याचा हट्ट धरला. तेव्हां आम्हीच लातुरास गेलों आणि नव्या वहींत चार रकाने आंखून दिले: पाऊस, पेरा, आवक, भाव. सरासरी शेवटीं काढावयाची.

मुद्दल अद्याप पुरतें फिटलेलें नाहीं. आम्हीं मागितलेलेंहि नाहीं. मागल्या दिवाळींत त्यानें विचारलें, "अप्पा, सोयाबीन घेऊन ठेवावें काय?"

आम्ही म्हणालों, "आधीं वही आण."