रुईची बहीण

लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं अमेरिकेत गेलो. आयोवा नावाचं राज्य. विमानात एवढं बसून उतरलो आन् बघतो तर जिकडंतिकडं मका आन् सोयाबीन! म्हणलं, आमच्या लातूर भागात सोयाबीन काय कमी होतं?

शेतं मात्र लई स्वच्छ. तणाची काडी नाही. रस्त्याच्या कडंला तेवढं कमरेएवढं गवत माजलेलं. जावयाला विचारलं, "सरकारला कापायला माणूस मिळंना का?"

"मामा, ते मुद्दाम ठेवलंय. फुलपाखरांसाठी."

त्यानं गाडी थांबवून एक झाड दाखवलं. जाड पान. तोडलं की पांढरा चीक. फुगीर बोंड, आत रेशमी म्हातारी. तिकडं त्याला मिल्कवीड म्हणतात. मी म्हणलं, ही तर आपल्या रुईची बहीण! पानावर काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी होती. ही अळी दुसरं काही खात नाही. तिचंच पुढं मोनार्क फुलपाखरू होतं. आन् ते पावसाळ्यानंतर हजारो किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरात थंडी काढायला जातं. जाणाऱ्यानं ती वाट आधी कधी बघितलेली नसते.

पूर्वी हे झाड मक्याच्या ओळीत उगवायचं. मग तणनाशक सोसणारं बियाणं आलं. पीक उभं राहिलं, बाकी सगळं जळालं. आता कड्याकोपरे तेवढे उरले. म्हणून 2016 साली मिनेसोटापासून टेक्सासपर्यंत सहा राज्यांच्या रस्तेखात्यांनी आय-35 या हमरस्त्याच्या कडंनं अशी झाडं वाढवायचं ठरवलं.

मेक्सिकोत ही फुलपाखरं नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोचतात. तिथली माणसं म्हणतात, आपले पूर्वज आले. जावई हे सांगत होता तवा आपल्याकडं पित्तराचे दिवस चालले होते. मला एकदम आय आठवली.

आमच्या बांधाच्या वळणावर रुई होती. आय तिचं पान तेल लावून, गरम करून गुडघ्याला बांधायची. शनिवारी मारुतीला तिचीच माळ. "तिला हात लावू नको," म्हणायची. तिच्यावरही पट्ट्यांची अळी असायची, तांबडी फुलपाखरं फिरायची. ती मोनार्कच्याच भावकीतली, हे तिकडं कळलं.

आय गेल्यावर दोन वर्षांत मजुराची टंचाई झाली. मी पंप पाठीला लावला आन् बांध मारला. उरलेलं औषध रस्त्याच्या कडंला मारलं. रुईही गेली. त्या साली मी पित्तराला पत्रावळीवर घास ठेवला, कावळ्याची वाट बघितली. आयचं झाड मीच जाळलं होतं, हे तवा ध्यानातही आलं नाही.

परत आल्यावर ओढ्याकाठच्या रुईची बोंडं आणली. पहिल्या पावसात रस्त्याच्या कडंनं बी टाकलं. आमची ही म्हणाली, "तण पेरणारा शेतकरी पहिल्यांदाच बघतेय."

दोन रोपं जगली. औंदा एकाची पानं अळीनं चाळणी केली. खोटं कशाला सांगू, हात पंपाकडं गेला होता. चाळीस वर्षांची सवय. पंप खुंटीला परत अडकवला आन् बांधावर बसून राहिलो, अळी खात होती ते बघत.