ठरावातली ‘मोकळी जागा’

रस्ता सरळ झाला तेव्हा पेढे वाटणारे आम्हीच होतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेजवळचं हे गाव. नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या माणसांना तिथंच राहायचं आहे. वस्तीजवळच्या वळणावर अपघात व्हायचे. वळण काढलं आणि नवा रस्ता ग्रामपंचायतीच्या जागेतून सरळ नेला. तेवढी जागा शेजारच्या नगरपरिषदेनं घेतली, बदल्यात जुन्या वळणाची जागा ग्रामपंचायतीला दिली. दोघांचे ठराव, दोघांचे शिक्के.

पण त्या वळणाच्या कडेला आपल्या समाजाची सहा घरं आणि श्रमदानातून उभा राहिलेला विहार आहे. ठरावात त्या जागेचं वर्णन काय? ‘मोकळी जागा’!

घरपट्टीच्या पावत्या घेऊन आम्ही नगरपरिषदेत गेलो. उत्तर मिळालं, “जागा आता आमची नाही.” ग्रामपंचायतीत गेलो, तर “तुमची नोंद आमच्याकडे नाही.” संध्याकाळी विहारात बसलो असताना एक आजी म्हणाल्या, “पोरांनो, दोघांनी आदलाबदल केली, आन् आमी मधी हाय हे कुणाच्या ध्यानातच न्हाई?”

ध्यानात नाही, की ध्यानात घ्यायचं नाही?

या मातीत सरकारांच्या हद्दी कितीदा बदलल्या! १९४८ साली इथली संस्थानं विलीन झाली. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचंच नाव सांगली झालं. अगदी अलीकडे, २०२० साली सातारा नगरपरिषदेची हद्द वाढली आणि शाहूपुरी, विलासपूर शहरात आले. दर वेळी दप्तरं इकडून तिकडे गेली. पण गावकुसाबाहेरची वस्ती बहुतेक ठिकाणी जिथं होती तिथंच राहिली.

१९०१ साली साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावाला जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं देऊन मुलांनाच बैलगाडी हाकावी लागली. रस्ता तेव्हाही सार्वजनिकच होता ना? मग ‘सार्वजनिक’ या शब्दात आपण धरलेलो आहोत का, हा प्रश्न आजही विचारावाच लागतो.

कायदा काय सांगतो? नगरपरिषदेला स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायची तर १९६५ च्या अधिनियमाचं कलम ९२ आहे आणि शासनाची मंजुरी लागते. ग्रामपंचायतीसाठी १९५८ च्या अधिनियमाचं कलम ५६ आहे. सरकारी मालकीच्या सार्वजनिक रस्त्यावरचा लोकांचा हक्क संपवायचा असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम २१ प्रमाणे जाहीर नोटीस काढून हरकती ऐकाव्या लागतात. म्हणजे बोलायची जागा कायद्यानं ठेवलेली आहे. मग वस्तीवर एकही नोटीस का आली नाही?

पण दोष फक्त त्यांचाच आहे का? आम्ही दर १४ एप्रिलला त्याच वळणावरून मिरवणूक काढली. सामाजिक बहिष्करणावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली. मात्र ग्रामपंचायतीचा नमुना २३ म्हणजे रस्त्यांची नोंदवही आणि नमुना २४ म्हणजे जमिनींची नोंदवही, हे आम्हाला जागा हातची जायची वेळ आल्यावर कळलं. विहाराची नोंद कुठंच नव्हती आणि ती करून घ्यावी असं इतक्या वर्षांत आम्हाला सुचलंही नाही. ही कबुली इथं देतो.

मित्रांनो, घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. पण आपण तिथं राहतो, याचा तो पुरावा आहे. आपापल्या वस्तीची जागा कुणाच्या नावावर आहे, हे या महिन्यातच बघा. माहिती अधिकारात ठराव आणि नकाशा मागा. रुंदीकरणाची किंवा हद्दवाढीची चर्चा सुरू होताच ग्रामसभेत उभं राहून घरं मोजायला लावा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या.

आमच्या सहा घरांची हरकत दोन्ही कार्यालयांत दाखल आहे. निकाल अजून नाही. पण दोन्हीकडच्या आवक नोंदवहीत आता लिहिलं गेलंय, की ती जागा मोकळी नाही, तिथं माणसं राहतात.

जय भीम!