हिर्डोशीजवळचा पिवळा दिवा

महाडला खाला आजारी होत्या. अम्मींनी दोन दिवस एकच धोशा लावला होता, म्हणून रविवारी फजर होताच आम्ही भोरहून निघालो. मागच्या सीटवर अम्मी, त्यांच्या मांडीवर खालांसाठी केलेल्या लाडवांचा डबा. नीरा-देवघरचं पाणी बघत हिर्डोशीजवळ आलो आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी वीसच्या वर जाईना. पुढे वरंधा घाट!

हा दिवा आमच्या ओळखीचा. पंधरवड्यापूर्वी एका गॅरेजवाल्यानं यंत्र जोडून कोड वाचला होता, पी ०१२२. ‘थ्रॉटलचा सेन्सर गेलाय, अख्खी थ्रॉटल बॉडी बदला.’ आम्ही दोघंही शिक्षक; पडद्यावर छापील आकडा दिसला की तो खराच वाटतो. साडेचौदा हजार मोजले. आता नवा भाग बसलेला आणि दिवा पुन्हा तोच.

थ्रॉटल म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. ती किती उघडली हे सेन्सर गाडीच्या संगणकाला विजेच्या दाबानं कळवतो. त्याला पाच व्होल्ट मिळतात. झडप मिटलेली असताना साधारण अर्धा व्होल्ट परत येतो, पूर्ण उघडली की साडेचारच्या आसपास. निरोप पोचला नाही किंवा न पटणारा आला, की संगणक सावध होतो आणि इंजिनाचा जोर कमी करून टाकतो. पी ०१२२ चा अर्थ एवढाच, की त्या वाटेवर दाब कमी येतोय. सेन्सर बिघडला, तार तुटली की प्लग गंजला, ते कोड सांगत नाही. हे सगळं आम्हाला त्या दिवशी रस्त्याच्या कडेला कळलं, शेतीपंप दुरुस्त करणाऱ्या एका भाऊंकडून. ते मोटरसायकलवरून चालले होते, बॉनेट उघडं बघून थांबले.

‘गुरुजी, पार्ट नवा दिसतोय. पण तार कुणी बघितली का?’

नव्हती बघितली. त्यांनी पिशवीतून मीटर काढलं. चावी चालू, इंजिन बंद. प्लगमध्ये पाच व्होल्ट दिसले. तारांची जुडी जरा हलवली, तर दोनच्या खाली. पट्टीला घासून घासून एक तार आतून तुटत आली होती. घाटातल्या हादऱ्यांना आयतंच कारण.

खरं सांगायचं तर आम्हाला गॅरेजवाल्याच्या आधी आमचाच वर्ग आठवला. इमल्यात सतत चुकणाऱ्या एका मुलाच्या प्रगतिपत्रकावर आम्ही दोन वर्षं ‘उर्दू कच्चं’ लिहिलं. चष्मा लागला आणि चुका निम्म्यावर आल्या. त्याला फळाच दिसत नव्हता.

भाऊंनी चावी बंद करायला लावली, तार सोलून जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. गाडी परत सुरू केली तर जोर पूर्ण आला. अम्मी म्हणाल्या, ‘अल्हमदुलिल्लाह, चला आता.’ पण भाऊंनी मान हलवली. ‘मावशी, हा जोड तात्पुरता. चढावर दगा दिला तर मागं खोल दरी हाय.’ अम्मींचा चेहरा उतरला. शेवटी आमच्यापैकी एकानं अम्मींना घेऊन महाडची एसटी धरली, दुसऱ्यानं गाडी हळूहळू भोरला आणली. भाऊंनी दोनशे रुपये मागितले, तेवढे दिले. जास्त देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत.

भोरला वायरमननं तार नीट डाग देऊन जोडली, घासते तिथे नळी चढवली आणि मगच कोड पुसला. तेव्हापासून दिवा नाही. मग आम्ही त्या गॅरेजात जाऊन आपली जुनी थ्रॉटल बॉडी मागितली. (कुठलाही भाग बदलला की जुना मागून घ्या; तो तुमचाच असतो.) भंगारातून निघाली. गाडीला लावून मीटरवर तपासली तर झडपेबरोबर आकडा सुरेख चढत-उतरत होता. मालक काही बोलला नाही, पैसेही परत आले नाहीत.

खालांनी अर्धा लाडू खाल्ला, असं अम्मी आल्यावर दिवसभर सांगत होत्या. ती थ्रॉटल बॉडी आता आमच्या टेबलावर असते. धाकटा येता-जाता बोटानं झडप दाबतो, ती टक्कन मिटते.