पडद्याच्या अलीकडे

मंडळाच्या बैठकीत या अंकासाठी ‘प्रवास’ हा विषय निघाला तेव्हा मी गप्प बसले होते. बाकीच्यांकडे हंपी होती, गोकर्ण होतं, दूधसागर तर होताच होता. माझ्याकडे सत्तर मिनिटांचा एक प्रवास होता आणि त्याच्याबद्दल मी घरी अजून खरं सांगितलेलं नाही. कन्फेशनला जाऊन फादरांना सांगावं एवढं काही ते पाप नाही. पण साडेतीन हजार रुपये आहेत.

झालं असं. यंदाच्या जानेवारीत एकदा सकाळी सव्वासहाला पप्पांचा फोन आला. आजोबांना रात्री आयसीयूत हलवलं होतं. पप्पा म्हणाले, “घाबरू नको. पण येऊन जा.” यातलं दुसरं वाक्य पहिल्याला खोडून टाकतं, हे साहित्याच्या विद्यार्थिनीला कोणी समजावून द्यायला नको.

मी वसईची. एरवी गोव्याहून घरी जायचं म्हणजे कोकण रेल्वे, स्लीपर, रात्रभर. वसईवरून जाणारी मडगाव-वांद्रे गाडी आहे, पण ती आठवड्यातून दोनदाच, आणि तो वार त्यातला नव्हता. पप्पांनीच मोबाइलवरून दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं. आमच्या घरात विमान म्हणजे कुवेतला जाणाऱ्यांचं. मुंबईला जायला विमान कशाला, असं एरवी म्हणणारे पप्पा त्या दिवशी काही म्हणाले नाहीत. किती पडले तेही नाही.

हॉस्पिटलात आयसीयूतल्या पेशंटला भेटायची वेळ पाच ते सहा, आणि एका वेळी एकच माणूस. मी हिशेब केला होता : विमान तीनला उतरणार, अंधेरीहून विरार लोकल, पाचच्या आधी मी दारात. एअरपोर्टवर पोचले तर विमान चाळीस मिनिटं उशिरा. म्हणजे पावणेचारला मुंबई, मग बॅग, रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा. बोटांवर मोजून मोजून मी पावणेसहापर्यंत येत होते. त्यात कुठे दहा मिनिटं इकडची तिकडे झाली की संपलं.

बॅग हातात न्यावी म्हटलं तर ती अकरा किलोंची. परत कधी येणार ते माहीत नव्हतं, म्हणून नोट्स, लॅपटॉप, लायब्ररीची दोन जाड पुस्तकं, सगळं कोंबलेलं. केबिनमध्ये सात किलोच चालतं. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, “मला लवकर उतरता येईल का? पुढची सीट आहे का?” ती माझ्याच वयाची असेल. तिनं स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाली, “इकॉनॉमीत नाही, मॅम. बिझनेसमध्ये आज अपग्रेड ऑफर आहे, साडेतीन हजार. तुम्ही पहिल्यांदा उतराल आणि बॅगेला प्रायॉरिटी टॅग लागेल.”

माझ्या खात्यात 6,140 रुपये होते. त्यातले चार हजार मेसचे. मी मोबाइल पुढे केला आणि पैसे दिले.

हे अपग्रेड स्वस्त का मिळतं, ते मी नंतर शोधून काढलं. (अपराधी वाटलं की मी माहिती गोळा करते.) आपल्याकडे मुंबई-गोवासारख्या मार्गांवर जी लहान विमानं उडतात, त्यांत बिझनेसच्या सीटा थोड्या. बऱ्याच विमानांत आठच, दोन-दोनच्या दोन रांगा. मागे तीन-तीनच्या. एवढ्याशा प्रवासाला पूर्ण भाडं देऊन पुढे बसणारे कमी, आणि विमानाचं दार बंद झालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य. संध्याकाळी उरलेल्या पापलेटासारखं आहे ते, बाजार उठायच्या आत मिळेल त्या भावात द्यायचं. म्हणून मग आदल्या दिवशी ईमेल येतो : तुम्हीच बोली लावा. स्क्रीनवर एक पट्टी असते. आकडा वाढवाल तशी ती तुमची बोली कच्ची की पक्की ते रंगानं सांगते. बोली लागली तर पैसे कापले जातात, नाही तर आपली जुनी सीट आहेच. त्यातूनही सीटा उरल्या की काउंटरवर, माझ्यासारख्या घाईतल्या गिऱ्हाइकाला.

होस्टेलवरच्या माझ्या रूममेटचा भाऊ इंग्लंडात, स्विंडनला असतो. निम्मा बाणावली तिथेच आहे असं ती म्हणते. तो लंडनहून लिस्बनला एकदा असाच बिझनेसनं गेला, तर सीट मागच्यासारखीच निघाली! तिकडे युरोपातल्या लहान प्रवासांत तीन सीटांमधली मधली रिकामी ठेवतात, झालं बिझनेस. पडदाही पुढे-मागे सरकवता येतो, गिऱ्हाईक असेल तसा. आपल्याकडे निदान सीट तरी रुंद असते. आणि इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्के, बिझनेसवर आधी 12 होता, सप्टेंबर 2025 पासून 18. म्हणजे सरकारच्या लेखीही पडद्याच्या मागे गरज आणि पुढे चैन.

तर मी चैनीत बसले. टू-ए, खिडकी. पुढच्यांना आधी आत सोडतात हे मला भारी वाटलं होतं, पण त्याचा दुसरा अर्थ असा की नंतर सगळं विमान आपल्या अंगावरून मागे जातं. माझ्या हातात काचेच्या ग्लासात मोसंबीचा रस. समोरून रांग : कडेवर बाळ घेतलेली आई, टोपी घातलेले पर्यटक, काजूच्या पिशव्या. प्रत्येकजण जाताना एकदा पुढच्या आठ जणांकडे बघतो. मीही आजवर तसंच बघत आलेय. आणि त्या रांगेत, खांद्याला कापडी पिशवी लावून, आपल्या मराठी विभागातल्या एक मॅडम.

नाव सांगत नाही, त्या हा अंक वाचतात. मॅडम थांबल्या, म्हणजे रांगच थांबली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रसाकडे पाहिलं. “अगं, तू?” मी उठायला गेले तर पट्टा बांधलेला. “मॅडम, ते... घरी...” एवढंच निघालं तोंडातून. त्या हसल्या आणि एकोणिसाव्या रांगेकडे गेल्या. फीच्या सवलतीच्या अर्जावर याच मॅडमची सही होती माझ्या.

मला त्या सत्तर मिनिटांत खरं तर एकच गोष्ट हवी होती : भिंतीकडे तोंड करून रडायचं होतं. वाटलं होतं, पुढे माणसं कमी, बरं पडेल. उलटंच झालं. मागे दीडशे माणसांत कोणी कोणाकडे बघत नाही. पुढे आठ सीटांना स्वतंत्र एअर होस्टेस असते, आणि ती दर पाच मिनिटांनी अतिशय प्रेमानं विचारते, “मिस, एव्हरीथिंग ऑलराइट?” गरम ओला टॉवेल आला. त्याचं काय करायचं ते शेजारच्या गृहस्थांकडे बघून केलं. मग चिनी मातीच्या ताटलीत पनीर रोल, कापलेली फळं, छोटीशी पेस्ट्री, कापडी रुमाल. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. आजोबा नळ्या लावून पडलेत आणि मी इथे काटा-चमचा घेऊन बसलेय, असं मनात येत होतं. तरी ताटली साफ केली. ती पेस्ट्री चांगली होती, हेही लिहायलाच हवं.

खाण्याआधी सवयीनं क्रुसाची खूण केली. शेजारचे गृहस्थ एवढा वेळ डोळे मिटून होते, ते एकदम म्हणाले, “घाबरू नका, बेटा. आज वारा नाही, लँडिंग छान होईल.” मी मान हलवली.

मागचा पडदा ओढलेला होता. त्याच्या खालून कोणा लहान मुलाची एक चप्पल घरंगळत आमच्या बाजूला आली. एअर होस्टेसनं ती उचलून पलीकडे दिली. पडदा पुन्हा सारखा केला.

मला तेव्हा आजोबांचा फर्स्ट क्लासचा पास आठवला. आजोबा 1968 ते 2004 रोज वसई ते चर्चगेट लोकलनं गेले, क्लार्क म्हणून. 1974 साली रेल्वेनं थर्ड क्लास हा शब्द काढून टाकला, त्याबद्दल ते नेहमी म्हणतात, “डबा तोच, पाटी तेवढी बदलली.” निवृत्तीला काही वर्षं राहिली तेव्हा हेडक्लार्क झाले आणि आजीच्या आग्रहाखातर त्यांनी फर्स्ट क्लासचा पास काढला. एक महिना गेले. दुसऱ्या महिन्यात पुन्हा सेकंड. आजी चिडली. आजोबांचं म्हणणं, “तिथे कोणी बोलत नाही. पेपर वाचतात, तोपण ज्याचा त्याचा.” सेकंडच्या डब्यात त्यांचा ब्रीफकेसवर मांडलेला पत्त्यांचा डाव होता आणि एक पेपर चौघांत फिरायचा, पान पान सुटं करून. 2022 च्या मे महिन्यात लोकलच्या फर्स्ट क्लासचं एकेरी तिकीट निम्म्यावर आणलं तेव्हा मी त्यांना मुद्दाम बातमी वाचून दाखवली. म्हणाले, “अर्ध्या किमतीत दिलं तरी गप्पच बसायचं ना?”

उतरलो तेव्हा 3:52 झाले होते. दार उघडल्यावर पहिली मी. जिना उतरून पहिली मी बसमध्ये. आणि मग बस उभी राहिली. कारण ती सगळ्यांची होती. नऊ मिनिटं मी आतल्या कोपऱ्यात दांडा धरून उभी, आणि माणसं येताहेत, येताहेत. शेवटून चढलेला एक कॉलेजचा मुलगा दाराला चिकटून उभा राहिला. टर्मिनलला पोचल्यावर अर्थातच सगळ्यात आधी तोच उतरला. त्यानं किती दिले असतील तिकिटाला? मला हसू आलं. मग पट्ट्यापाशी पोचले आणि ते हसू कुठल्या कुठे गेलं.

मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “काय झालं गं?” एवढंच विचारलं त्यांनी, आणि मी सत्तर मिनिटं धरून ठेवलेलं सगळं तिथे, मुंबई एअरपोर्टच्या बॅगांच्या पट्ट्यापाशी, दोनशे माणसांसमोर सोडून दिलं. मॅडमनी काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. कापडी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. मग म्हणाल्या, “ती निळी तुझी ना? आली बघ. पळ.”

प्रायॉरिटी टॅगवाली माझी बॅग खरंच पहिल्या तिघांत आली. मॅडमची नंतर बारा मिनिटांनी, हे त्यांनी पुढे कॉलेजात सांगितलं. म्हणजे अपग्रेडनं मला नेमकी बारा मिनिटं मिळवून दिली. सीटचा हिशेब केला तर मिनिटाला 50 रुपये पडले होते. या हिशेबानं जवळजवळ 292.

अंधेरीला लोकलच्या फर्स्ट क्लासचा विचारही केला नाही. सेकंडचं तिकीट वडापावच्या किमतीत. लेडीज डबा भरलेला होता. माझा चेहरा बघून एका बाईनं शेजारणीला कोपरानं सरकवलं आणि मला चौथी सीट दिली. चौथी सीट म्हणजे तिघींच्या बाकावर अर्ध्या मांडीपुरती जागा. ज्यांना माहीत नाही त्यांनी एकदा विरार लोकलनं जावं.

आयसीयूच्या दारात पोचले तेव्हा 5:46. पप्पा बाहेर आले, मी आत गेले. आजोबा झोपले होते. उठवू नका म्हणाली नर्स. मी स्टुलावर बसून त्यांचा हात धरला. सुई लावलेला होता म्हणून नीट धरताही येत नव्हता, नुसती बोटं. मॉनिटरवरचा आकडा 88, 90, 88. दहा मिनिटं, अकरा, बारा. मग नर्स सांगायला आली की वेळ झाली, आणि तिच्या आवाजानं त्यांनी डोळे उघडले.

“कशी आलीस?”

“विमानानं.”

“खिडकी मिळाली?”

“मिळाली.”

“काय दिसलं?”

गोव्याहून मुंबईला येताना डावीकडे समुद्र असतो. टू-ए डावीकडेच. मी सगळा वेळ घड्याळाकडे आणि त्या पडद्याकडे बघत होते, बाहेर एकदाही पाहिलं नव्हतं. “समुद्र,” मी म्हटलं.

“छान,” म्हणाले, आणि पुन्हा झोपले.

आजोबा आता घरी आहेत. वाडीत फिरतात, चालताना काठी लागते. नात विमानानं भेटायला आली, हे आळीतल्या प्रत्येकाला दोनदा सांगून झालंय, समुद्रासकट. मेसचे पैसे मी ट्यूशन घेऊन मार्चपर्यंत फेडले. सिस्टरनी सांभाळून घेतलं.

अंक निघाला की त्याची लिंक आमच्या घरच्या ग्रुपवर जाते. आजोबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पप्पा जेवणानंतर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात. पहिल्याच परिच्छेदात साडेतीन हजारांपाशी पप्पा थांबतील, चष्मा वर करतील. आजोबा म्हणतील, “थांबलास का? वाच पुढे.”