टेस्टिंग न करता लाइव्ह

मंडळी, प्रत्येकाला काहीतरी खूळ असतं. कुणी ट्रेकला जातं, कुणी क्रेडिट कार्डाचे पॉइंट जमवतं. आम्ही मासे पाळतो. (आईचा पहिला प्रश्न: "म्हणजे खायचे नाहीत?")

तर सॅन होजेच्या भाड्याच्या घरात माझी 75 गॅलनची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. चार फूट लांब. त्यात थोडे प्रवाळ, दोन क्लाउनफिश. सगळं छान चाललेलं असताना एका शनिवारी दुकानात 'तो' दिसला. पावडर ब्लू टँग! आभाळासारखं निळं अंग, काळं तोंड, पांढरा गळा, पाठीवर पिवळाधम्मक पर. हा सर्जनफिश, म्हणजे शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना सुरीसारखा धारदार काटा. किंमत 130 डॉलर.

दुकानदार म्हणाला, याला सहा फुटी टाकी लागते, आणि आधी महिनाभर वेगळा ठेव. मी मान डोलावली आणि घरी येऊन थेट टाकीत सोडला. ऑफिसात टेस्टिंगशिवाय कोड लाइव्ह करणाऱ्याला मी फाडून खातो, बरं का!

पाचव्या दिवशी अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. मरीन इक. दोन दिवसांनी ठिपके गेले, मी खूश. पण बग आपोआप गेला की तो गेलेला नसतो, हे मला तरी कळायला हवं होतं. हा परजीवी माशावरून गळून वाळूत, दगडावर कोष करतो. त्यातून शेकडो पिल्लं निघून पुन्हा माशावरच येतात. तांब्याचं औषध लागू पडतं, पण ते प्रवाळांना मारतं, म्हणून मासे वेगळ्या टबात काढावे लागतात. क्लाउनफिश वाचले. तो चौदाव्या दिवशी गेला.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्याला समुद्रात काय कमी होतं रे?"

मी गप्प. हा मासा आपल्या बाजूचा, मालदीव-लक्षद्वीपकडचा. दिवसभर प्रवाळांवरचं शेवाळ चरत हिंडणारा. माझ्याकडे तो काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचा आणि मी मित्रांना दाखवायचो, "बघ, किती ॲक्टिव्ह आहे!"

मग अडीच महिने टाकीत एकही मासा ठेवला नाही. यजमान नसला की हा परजीवी उपाशी मरतो. तेवढ्यात वाचन झालं. 2015 साली हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने यलो टँगची पिल्लं पहिल्यांदा टाकीत वाढवून दाखवली. आता असे मासे विकतही मिळतात, समुद्रातून न पकडलेले. तसा एक छोटासा आणला. या वेळी महिनाभर वेगळ्या टाकीत, रोज वहीत नोंद.

आता फक्त एक अडचण आहे. समुद्रात यलो टँग चाळीस वर्षंसुद्धा जगतो. माझा व्हिसा तीन वर्षांचा आहे. पूर्वी मासा घेताना फक्त टाकीत कसा दिसेल एवढंच बघायचो. या वेळी घेण्याआधी इथल्या एका मित्राला विचारून ठेवलं, मी परत गेलो तर सांभाळशील का? त्याच्याकडे सहा फुटी टाकी आहे. तो हो म्हणाला, तेव्हाच पैसे भरले.

असो. क्लिपला नोरी लावायची वेळ झाली. साहेब काचेपाशी येऊन थांबलेत.